लेकीचं पोट, एकामागून एक तपासण्या, आणि तिला किती सांगायचं?

निळाई
बरेच दिवस इथे नुसती वाचते, लिहितेय आज पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या. लेक ८ वर्षांची आहे. गेले ३ महिने तिचं पोट दुखतंय, बेंबीच्या आसपास हात धरून गप्प बसून राहते. दिवसातून ३-४ वेळा शी, तीही पातळ, फिकट, भांड्याला चिकटून बसणारी. आधी वाटलं जंत, औषध देऊन झालं. मग वाटलं शाळेचं टेन्शन, पण सुट्टीतही तेच. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तर त्यांनी जुन्या नोंदी काढून तक्त्यावर ठिपके मांडले आणि मला दाखवलं, वर्षभरात वजन तेवढंच, उंची जेमतेम १ सेंटिमीटर वाढलेली. रोज डोळ्यासमोर असलेलं मूल, आणि मला हे दिसलं नाही. हिमोग्लोबिन ९.१ आलं. लोहाचं औषध महिनाभर दिलं तरी हललं नाही म्हणून आता पोटाच्या स्पेशालिस्टकडे पाठवलंय. रक्ताच्या अजून तपासण्या, शीचं सॅम्पल, सोनोग्राफी, आणि लागली तर दुर्बीण.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. पहिल्यांदा रक्त काढताना मी तिला म्हटलं होतं मुंगी चावल्यासारखं होईल, कळणारही नाही. प्रत्यक्षात शीर सापडेना, दोनदा टोचलं, ती किंचाळली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून रोज सकाळी मी विचारायच्या आधीच सांगते, "आज अजिबात नाही दुखलं." काल रात्री बाथरूममधून कण्हण्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणाली दात घासत होते. ब्रश कोरडा होता.

डॉक्टर प्रत्येक वेळी तिलाच विचारतात दुखतं का, कुठे, किती. ती नाही म्हणाली तर ते काय समजणार? कोणी यातून गेलंय का?

रानपाखरू
निळाई, तो कोरडा ब्रश वाचून पोटात कालवलं. माझा मुलगा ६ वर्षांचा असताना चड्डी लपवायचा. कपाटाच्या मागे सापडायच्या, डाग पडलेल्या. आम्ही त्याला रागवायचो, एवढा मोठा झालास, कळत नाही का वगैरे. नंतर डॉक्टरांनी पोट तपासून सांगितलं की त्याला भयंकर बद्धकोष्ठ आहे, आतडं घट्ट शीने भरलंय आणि पातळ शी त्या गोळ्याच्या कडेकडेने आपोआप झिरपतेय, त्याला कळतही नाही कधी. आम्हाला वाटत होतं जुलाब, आणि निघालं बरोब्बर उलटं. आतडं ताणून ताणून भरल्याची जाणीवच कमी होते म्हणे. आम्ही ज्यासाठी रागवत होतो ते त्याच्या हातात नव्हतंच. मी त्याची माफी मागितली, अगदी शब्दात, समोर बसून. तुम्हीही मागा. मुंगीबद्दल.

कोरापान
ताई, ही लक्षणं गव्हाची वाटताहेत. माझ्या मैत्रिणीने गहू बंद केला आणि तिचं पोट आठवड्यात सुधारलं. काही अपाय तर नाही, बंद करून बघा ना, सुयांपासून तरी वाचेल पोर.

उंबरठा
कोरापान, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय हे कळतंय, पण निळाईताई, कृपा करून आत्ता गहू बंद करू नका. माझी मुलगी सीलिअॅकची आहे, आता १२ वर्षांची, आणि आम्ही नेमकी हीच चूक केली होती. सीलिअॅकमध्ये गहू, बार्ली, राय यातल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. रक्ताच्या तपासणीत दिसतात त्या अँटीबॉडी, आणि ग्लूटेन थांबवलं की त्या हळूहळू कमी होत जातात, आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. म्हणजे आजार आहे तसाच, फक्त तपासणीत सापडत नाही. आम्ही २ महिने बंद केलं, मग डॉक्टरांनी पुन्हा कित्येक आठवडे रोज खायला घालायला सांगितलं. बरं वाटायला लागलेल्या मुलीला मुद्दाम परत आजारी पाडायचं, हे आईबापाला काय असतं ते मी सांगू शकत नाही. तपासण्या पूर्ण होईपर्यंत रोजचं आहे तेच चालू ठेवा.

कोरापान
हे मला माहीत नव्हतं. आधी लिहिलेलं मागे घेते. निळाई, त्यांचं ऐका.

शिंपला
मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, १५ वर्षं झाली. रोग काय ते तुमचे डॉक्टर सांगतील, मी सुईबद्दल बोलते.

"दुखणार नाही" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मूल सुईला घाबरतं ते एकदा, पण आई खोटं बोलली हे कळलं की पुढच्या प्रत्येक गोष्टीला घाबरतं, अगदी सोनोग्राफीलाही, जिच्यात टोचणं नसतंच. खरं सांगायचं आणि थोडक्यात सांगायचं. टोचेल, थोडं दुखेल, १० आकडे मोजेपर्यंत बहुतेक संपेल. एकदा टोचून नाही जमलं तर काय करायचं हेही आधीच बोलून ठेवा. आणि तिच्या हातात काहीतरी निवडायला द्या, कुठला हात, बघायचं की मान फिरवायची, मांडीवर बसायचं की एकटीने. "टोचू का?" असं मात्र विचारू नका, कारण ती नको म्हणाली तरी टोचणारच आहोत, मग तो प्रश्नही खोटाच ठरतो.

बधिर करायचं मलम मिळतं, डॉक्टरांना विचारा. टोचायच्या साधारण तासभर आधी लावून वर पट्टी चिकटवायची. घाईघाईत १० मिनिटं आधी लावलं तर उपयोग नाही. हात गरम ठेवायचा, आणि उपाशी राहायला सांगितलं नसेल तर भरपूर पाणी पाजून न्यायचं, शिरा बऱ्या सापडतात. चार जणांनी धरून ठेवण्यापेक्षा तुमच्या मांडीवर, तुम्हाला मिठी मारून बसलेली असली तर खूप फरक पडतो.

धुकं
मी २६ वर्षांची आहे आणि मी ती मुलगी होते जी नाही दुखत म्हणायची. मला ११ व्या वर्षी क्रोन्स निघाला, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा आजार. त्याआधी जवळजवळ वर्षभर लपवलं. शीमधून रक्त जायचं तेसुद्धा. का, तर आईचा चेहरा. मी "दुखतंय" म्हटलं की तिचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं हे मी करतेय तिला. सुईची भीती होतीच, पण ती दुसऱ्या नंबरला. तुमच्या लेकीचं कारण वेगळं असेल कदाचित, मला फक्त एवढंच सुचवायचंय की तिने खरं सांगितल्यावर लगेच पुढच्या क्षणाला काय होतं ते तिच्या जागी बसून बघा. फोन, कुजबूज, डॉक्टर, सुई. खरं बोलण्याची शिक्षाच आहे ती एक प्रकारची.

माझ्या बाबांनी मग एक केलं. एक वही. त्यात मी स्वतः रात्री एक चेहरा काढायचा, हसरा ते रडका यातला कुठला ते, आणि शी कशी होती त्याचा नंबर. ब्रिस्टल चार्ट म्हणून असतो, १९९७ सालचा, त्यात शीचे ७ प्रकार चित्रांसकट आहेत, १ म्हणजे कडक खडे आणि ७ म्हणजे नुसतं पाणी. मोठ्याने बोलायची लाज वाटणाऱ्या मुलीला आकडा लिहिणं फार सोपं जातं. बाबांनी कबूल केलेलं की वही वाचून ते त्या रात्री काहीही बोलणार नाहीत. ती वही फक्त डॉक्टरांकडे जायच्या दिवशी उघडायची. अपवाद एकच होता, रक्त दिसलं किंवा रात्री दुखून जाग आली तर लगेच सांगायचं. ते त्यांनी पाळलं. म्हणून मी खरं लिहिलं.

निळाई
धुकं, तुझी पोस्ट मी चार वेळा वाचली. माझा चेहरा. हे कधी मनातच आलं नव्हतं.

काल रात्री तिच्याशी बोलले. म्हटलं, मी तुला मुंगी म्हणाले ते खरं नव्हतं, मला माहीत होतं दुखेल, मी घाबरले होते म्हणून तसं म्हणाले, माझं चुकलं. ती बराच वेळ छताकडे बघत होती. मग म्हणाली, "दोनदा टोचतील हे पण तुला माहीत होतं?" म्हटलं नाही, ते खरंच माहीत नव्हतं. मग म्हणाली, "ओके." आणि थोड्या वेळाने, अंधारात, "रोज दुखतं. शाळेत जास्त. तिथे शीला जायला विचारावं लागतं ना." आज वही आणलीय. चेहरे तिने स्वतःच काढलेत, सहा.

सांजवात
मी आजी आहे, नातवाचं सांगते. त्याच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या आणि घरात कोणीतरी म्हणून गेलं की नाटकं करतो. तसं नसतं गं. त्याच्या डॉक्टरीणबाईंनी फार छान समजावलं, की आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं, काही मुलांमध्ये ते जास्तच हळवं होतं, साधा गॅसही कळ म्हणून जाणवतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं खोटं असं नाही. आम्हाला सांगितलं होतं की सारखं सारखं दुखतंय का विचारू नका, विचारलं की लक्ष तिथेच जातं. वहीची कल्पना म्हणून मला फार आवडली.

शिंपला
आजी अगदी बरोबर. १९५८ साली जॉन अॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने सहकाऱ्यासोबत १००० शाळकरी मुलं तपासली तेव्हाही साधारण दहातल्या एकाला असं वारंवार पोट दुखायचं, आणि त्यातल्या बहुतेकांत शारीरिक आजार सापडला नव्हता. ते बेंबीजवळचं दुखणं म्हणजे काळजी कमी, बेंबीपासून लांब म्हणजे जास्त, हा ठोकताळाही त्याच्याच नावाने ओळखतात. पण नुसत्या त्यावर बसू नये. निळाईंच्या लेकीचं दुखणं बेंबीजवळ असलं तरी वजन आणि उंची थांबलीय, लोह देऊन हिमोग्लोबिन चढत नाहीये, म्हणून तपासण्या हव्यातच.

इतर वाचणाऱ्यांसाठी पण सांगते, थांबू नये अशा गोष्टी: शीतून रक्त, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, वजन घटणं, रेंगाळणारा ताप, सांधेदुखी, सारखं तोंड येणं, गुदद्वाराजवळ फोड किंवा चिरा, खाली उजव्या बाजूला सतत दुखणं. आणि हिरवी उलटी, पोट दगडासारखं घट्ट, मूल मलूल पडलेलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायचीच नाही, त्याच क्षणी इमर्जन्सीत. लोहाच्या औषधाने शी काळपट होते मात्र, ते आधीच माहीत असू द्या म्हणजे दचकायला होणार नाही. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची असेल तर मात्र दाखवायचं.

निळाई
अपडेट. मलम लावलं, तासभर थांबलो, डावा हात तिने निवडला, मांडीवर बसली आणि दहा मोजले मोठ्याने. सातलाच झालं. डोळ्यात पाणी होतं पण माझ्याकडे बघून म्हणाली, "सात."

शीच्या सॅम्पलला खूप लाजली. शिंपलाताईंनी मेसेजमध्ये सांगितलं तसं भांड्यावर प्लास्टिक ताणून लावलं म्हणजे शू आणि पाणी मिसळत नाही, आणि तिला सांगितलं की लॅबवाल्यांसाठी हे रोजचंच काम आहे.

आता रिपोर्ट. सीलिअॅकची टीटीजी आयजीए निगेटिव्ह! पण शीमधलं कॅलप्रोटेक्टिन ११० आलंय, बाजूला लिहिलंय ५० च्या खाली नॉर्मल. सोनोग्राफीत पोटात लिम्फ नोड्स दिसल्या म्हणून लिहिलंय. रात्रभर नेटवर वाचत बसले, काय काय लिहिलंय तिथे. धुकं, हे तुझ्यासारखंच असेल का?

धुकं
माझं कॅलप्रोटेक्टिन तेव्हा १८०० च्या वर होतं. ११० वरून कोणी काही ठरवत नाही, आतड्यात थोडीफार सूज आहे एवढंच ते सांगतं, कशाने ते नाही. साध्या इन्फेक्शनने वाढतं, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळीने वाढतं. बहुतेकदा काही आठवड्यांनी परत करतात. आणि माझ्यासारखं असलं तरी, मी हे ऑफिसमधून लिहितेय, संध्याकाळी पोहायला जाणार आहे. आज रात्री नेट बंद करा.

रानपाखरू
लिम्फ नोड्स माझ्या मुलाच्याही रिपोर्टमध्ये होत्या, मी गाठी हा शब्द वाचून जेवले नव्हते. डॉक्टर म्हणाले लहान आकाराच्या तर कित्येक ठणठणीत मुलांमध्येही दिसतात, सोनोग्राफी करणाऱ्याला दिसल्या म्हणून त्याने लिहिल्या. आकार काय लिहिलाय तो डॉक्टरांनाच विचारा.

उंबरठा
ताई, एक विचारू? टीटीजीबरोबर टोटल आयजीए केलंय का? रिपोर्टचं दुसरं पान बघा. ती टीटीजी तपासणी आयजीए प्रकारच्या अँटीबॉडीवर चालते. काही थोड्या मुलांच्या शरीरात आयजीए मुळातच जवळजवळ नसतं, मग टीटीजी निगेटिव्ह येणारच, सीलिअॅक असो वा नसो. सीलिअॅक असलेल्यांमध्ये साधारण २-३ टक्के असे असतात. घाबरवायला नाही लिहीत, पण तुम्ही उद्गारचिन्ह टाकलंत म्हणून राहवलं नाही.

निळाई
दुसरं पान होतं. मी बघितलंच नव्हतं. टोटल आयजीए "मोजण्याइतपत नाही" अशा अर्थाचं काहीतरी. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी ते आधीच पाहिलं होतं, उद्या फोन करणारच होते म्हणाले, उरलेल्या रक्तावर आयजीजी प्रकारची तपासणी सांगून ठेवलेली. परत टोचायला लागणार नाही म्हणून आधी तेच लेकीला सांगितलं.

निळाई
आयजीजी पॉझिटिव्ह. दुर्बीण करायची ठरलीय, पुढच्या आठवड्यात. काही मुलांमध्ये रक्तातला आकडा नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या सॅम्पलची तपासणीही पॉझिटिव्ह आली तर बायोप्सीशिवाय निदान करतात, पण तो मार्ग आयजीएवर चालतो, हिच्याबाबतीत नाही, असं डॉक्टर म्हणाले. लेकीचा प्रश्न एकच आहे, मध्येच जाग आली तर? मला उत्तर देता आलं नाही, म्हटलं विचारून सांगते. आता खोटं नाही बोलत.

शिंपला
"विचारून सांगते" हे उत्तम उत्तर. तिला सांगा की भूल देणाऱ्या डॉक्टरांचं त्या वेळी ते एकच काम असतं, ते शेजारून हलत नाहीत, तिचा श्वास, ठोके बघत राहतात आणि औषध चालू ठेवतात. हा प्रश्न तिने स्वतः त्यांना विचारला तर अजून चांगलं. आतड्याचे अगदी छोटे नमुने घेतात, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, निदान ५ तरी, कारण आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. त्या अस्तराला चिमटा कळत नाही त्यामुळे ते नंतर दुखत नाही. घसा थोडा खवखवेल, हे सांगून ठेवा. भुलेतून उठताना काही मुलं खूप रडतात, चिडतात, आईलाही ढकलतात. नंतर त्यांना आठवतही नाही बहुतेकदा. हे तुमच्यासाठी लिहितेय, तिला नाही सांगितलं तरी चालेल.

उपाशी राहायच्या वेळा हॉस्पिटल लिहून देईल, घन किती तास आधी बंद, पाणी किती तास आधी, तंतोतंत पाळा. तिला भूक लागली म्हणून एक घास दिला तर तपासणी पुढे ढकलली जाते, आणि तिने जमवलेलं सगळं धैर्य वाया जातं.

उंबरठा
आणि त्या दिवशी सकाळपर्यंत ग्लूटेन बंद केलेलं नको, म्हणजे उपाशी राहायच्या वेळेपर्यंत नेहमीचंच. वाट बघताना वाचायला एक सांगतो. हा आजार गव्हाशी जोडला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने, १९४० च्या दशकात. त्याआधी ही मुलं वाळत जायची आणि नक्की कशाने ते कोणाला कळत नव्हतं. माझ्या मुलीचं निदान झालं तेव्हा मी दोन दिवस सुन्न होतो, मग हे वाचलं आणि जरा श्वास आला. कारण माहीत आहे, आणि ते ताटातून काढता येतं.

निळाई
झालं. भुलेच्या डॉक्टरांना तिने स्वतः विचारलं. ते खाली तिच्या उंचीवर बसले आणि म्हणाले, मी पूर्ण वेळ तुझ्या डोक्याशीच असणार, माझं दुसरं कामच नाही. उठताना खूप रडली, मला ढकललं, शिंपलाताईंनी लिहिलं नसतं तर मी मोडून पडले असते. बायोप्सीत सीलिअॅकच. आतड्याच्या अस्तराची बोटं सपाट झालीयत म्हणून अन्न खाऊनही अंगाला लागत नव्हतं, लोहसुद्धा. ग्लूटेन आता आयुष्यभर बंद, पण अस्तर भरून येतं म्हणाले, मुलांचं मोठ्यांपेक्षा लवकर.

आता दीड महिना झालाय. वजन १ किलो ३०० ग्रॅम वाढलं. शाळेला डॉक्टरांचं पत्र दिलंय, शीला जायला आता विचारावं लागत नाही, उठायचं आणि जायचं. वहीत गेल्या आठवड्यात सगळे दिवस पहिला किंवा दुसरा चेहरा, एक दिवस सोडून, त्या दिवशी वाढदिवसाला दुसऱ्यांच्या घरी गेलेली, तिथे काय खाल्लं ते तिने स्वतःच बाजूला लिहिलंय. कोणी विचारलं नव्हतं.

उंबरठा
वजनाचं वाचून डोळे भरून आले. घरातल्या बाकीच्यांची तपासणी सांगितली का? सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला निघतो, लक्षणं नसली तरी.

निळाई
हो, आम्हा दोघांची झाली, निगेटिव्ह, टोटल आयजीएसकट, दुसरं पान आधी बघितलं. धाकटा ५ वर्षांचा आहे, त्याची शनिवारी. आत्ता आतल्या खोलीत ताई त्याच्या हातावर पेनाने गोल काढतेय, मलम कुठे लावायचं ते. तो विचारतोय दुखेल का. ती म्हणतेय, "हो, पण सातपर्यंतच. कधीकधी दोनदा टोचतात, ते आधी नाही कळत."